हात हलवतो म्हणजे ‘टाटा’ नव्हे

प्रश्न: आमच्याकडे दोन बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे दाढीवाले सरडे, एकाच काचेच्या टाकीत आहेत. मोठा सारखी मान हलवतो, मग धाकटा पुढचा एक पाय उचलून हळूच गोल फिरवतो. दिव्याखाली मोठा धाकट्याच्या पाठीवर चढून बसतो. इतका जीव लावतात एकमेकांना! पण धाकटा हल्ली खात नाही.

उत्तर: दुसरी टाकी आणा, आणि उद्यावर ढकलू नका. मान हलवणाऱ्याचं म्हणणं असतं, ‘ही जागा माझी.’ पाय फिरवणारा म्हणतो, ‘मान्य, पण अंगावर येऊ नकोस.’ पाठीवर बसणं हे तर सरळसरळ दांडगाईचं काम. वरचा ऊब आणि अतिनील किरण दोन्ही घेतो, खालचा सावलीत राहतो. अंग तापलं नाही की अन्न पचत नाही आणि पचत नाही म्हणून तो खात नाही.

हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागातला, क्वीन्सलँड-न्यू साउथ वेल्सकडच्या विरळ झाडीचा आणि खुरट्या झुडपांचा रहिवासी. एकटा राहणारा. कुंपणाच्या खांबावर नाहीतर वाळक्या ओंडक्यावर नर बसतो आणि खाली दुसरा दिसला की हनुवटीखालची काटेरी कातडी, म्हणजे त्याची दाढी, फुगवून काळीकुट्ट करतो. हरलेल्याला तिथे पळायला रान मोकळं असतं. तुमच्या टाकीत तो पळून पळून कुठे जाणार? कुरतडलेली बोटं आणि शेपटीची तुटलेली टोकं माझ्या दवाखान्यातल्या टेबलावर नेहमी येतात. पालीसारखी याची शेपटी परत येत नाही, हेही सांगून ठेवतो.

आणि काळा रंग दिसला की दर वेळी रागच समजू नका. सकाळी पाठ गडद होते ती ऊन शोषायला, अंग तापलं की उजळते. दाढी मात्र दिवसभर काळी राहिली, समोर दुसरा कोणी नसतानाही, तर काहीतरी दुखतंय असं धरा आणि दाखवायला आणा.

प्रश्न: वाळवंटातला प्राणी म्हणून टाकीत बारीक वाळू घातली आहे. ऊन मिळावं म्हणून टाकी बंद खिडकीशी ठेवतो. वेगळा दिवा नाही. आठवडाभर पायाची बोटं थरथरताहेत.

उत्तर: थरथर थांबायची वाट बघू नका, आजच सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या. लक्षण कॅल्शियम कमी पडल्याचं दिसतं. अशा रुग्णाचा खालचा जबडा मी दोन बोटांत धरून हलकेच दाबतो. निरोगी हाड जागचं हलत नाही, आजारी जबडा ओल्या पुठ्ठ्यासारखा दबतो. घरी मात्र दाबून बघू नका, मोडेल.

उन्हातले यूव्हीबी, म्हणजे एका प्रकारचे अतिनील किरण, खिडकीची काच अडवते. ते किरण नाहीत तर ड जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि मग खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. उलट उन्हातली बंद टाकी भट्टी होते, तो धोका वेगळाच. यूव्हीबी देणारी दिव्याची नळी लावा आणि कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदला. नळी उजेड देत राहते, पण किरण कधीच मंदावलेले असतात. शेकायच्या जागी ४० अंशांच्या आसपास आणि दुसऱ्या टोकाला २५ च्या जवळपास तापमान ठेवा, म्हणजे कुठे बसायचं ते तो ठरवेल. वाळू काढून टाका. त्याच्या मुलखातली जमीन बरीचशी घट्ट, दबलेली असते. भुसभुशीत वाळू घासाबरोबर पोटात जाऊन अडकू शकते.

प्रश्न: अंडी उबवताना उष्णता वाढवली तर माद्या जास्त निघतात, हे खरं का?

उत्तर: खरं आहे, आणि या प्राण्याबद्दलची माझी सर्वांत आवडती गोष्ट हीच. नर की मादी हे ठरवणारी गुणसूत्रं यांच्यात नराची झेड-झेड आणि मादीची झेड-डब्ल्यू असतात. पण ३२ अंशांच्या वर उबवलं तर गुणसूत्रांनी नर असलेली पिल्लंही मादी होऊन बाहेर येऊ लागतात, पुढे अंडीही घालतात. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी अशा माद्या रानातही सापडल्याचं दाखवलं. अशी मादी आणि साधा नर यांच्या पिल्लांत डब्ल्यू उरतच नाही. नर की मादी हे मग फक्त तापमान ठरवतं. तुम्ही मात्र हा प्रयोग करू नका. २८-२९ अंश पुरे. आणि त्याआधी एवढ्या पिल्लांना घरं कुठून आणणार, याचा विचार करा. एका खेपेला वीसच्या वर अंडी सहज होतात.

प्रश्न: बागेतले किडे पकडून दिले तर चालतात का?

उत्तर: फवारणी झालेल्या जागेतले नकोत. काजवा तर एकसुद्धा नको. त्याच्या विषाने धडधाकट, मोठा ड्रॅगनही मरतो.