आकडा मोठा, पण पैसा कधी?

प्रश्न : आम्ही चार-पाच जण सकाळी कमाटीबागेत फिरायला जातो. तिघांकडे टेलिकॉम उपकरणं बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीचे शेअर आहेत. वर्षाची विक्री ४०० कोटी, आणि आता ६०० कोटींची ऑर्डर! दोन दिवस अप्पर सर्किट, म्हणजे भाव दिवसाच्या कमाल मर्यादेला जाऊन थांबला. एक म्हणतो आणखी घ्या, दुसरा म्हणतो विकून मोकळे व्हा. काय करावं?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : दोघांनीही बहुधा मथळाच वाचलाय. बीएसईच्या साइटवर कंपनीचं मूळ पत्र उघडा. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीच्या नियमानुसार त्यात ऑर्डर कोणाची, कामाचं स्वरूप, मुदत, रक्कम आणि ग्राहक प्रवर्तकांशी (कंपनीच्या मूळ मालकांशी) संबंधित आहे का, हे द्यावं लागतं. पक्की परचेस ऑर्डर आहे की नुसतं लेटर ऑफ इंटेंट (ऑर्डर देण्याचा इरादा सांगणारं पत्र), तेही तिथेच कळेल. रेट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे फक्त दर ठरवणारा करार, असेल तर ६०० कोटी ही कमाल मर्यादा. माल तेवढा उचललाच जाईल असं नाही.

मग रक्कम सोलायची. जीएसटी धरून आकडा असेल तर १८ टक्क्यांनी ५०८ कोटी उरतात. समजा त्यात पाच वर्षांच्या देखभालीचे १०० कोटी आहेत आणि माल दोन वर्षांत द्यायचाय; म्हणजे देखभाल वगळून वर्षाला साधारण २०४ कोटींची विक्री वाढली. चांगलीच आहे, पण मथळ्यातले ६०० कोटी नव्हेत.

खरी गोम वसुलीत असते. पैसे टप्प्याटप्प्याने सुटतात : काही माल पोचल्यावर, काही साइट सुरू होऊन चाचणी पास झाल्यावर. टॉवरला वीज नाही, फायबर पोचलेली नाही, की बिल अडकलं, मग उपकरण कितीही उत्तम असो. मधे सिस्टिम इंटिग्रेटर (सगळी यंत्रणा जोडून देणारा मुख्य कंत्राटदार) असला तर अनेकदा त्याला वरून पैसे आल्यावरच तुमच्या कंपनीला मिळतात. इकडे चिप्सचे डॉलर मात्र आधी मोजावे लागतात, बँक गॅरंटीपोटीही पैसा अडकून पडतो. म्हणून येणी (ग्राहकांकडून यायची रक्कम) भागिले विक्री गुणिले ३६५ हा हिशेब दर निकालाला करा. १८० कोटी येणी आणि ४०० कोटी विक्री म्हणजे १६४ दिवस. विक्रीबरोबर हे दिवस आणि कर्जही फुगत असेल, तर नफा कागदावरच आहे.

ऑर्डर संपल्यावर काय, हेही विचारा. ऑगस्ट २०२३ मध्ये टेलिकॉम उपकरणं बनवणाऱ्या तेजस नेटवर्क्सला बीएसएनएलच्या १ लाख साइट्ससाठी टीसीएसकडून ७,४९२ कोटींची ऑर्डर मिळाली. विक्री २०२३-२४ मधल्या सुमारे २,४७१ कोटींवरून पुढच्या वर्षी ८,९०० कोटींवर गेली. आणि एप्रिल-जून २०२५ च्या तिमाहीत? २०२ कोटी, वर तोटा. एकच गिऱ्हाईक असलं की असंच होतं. अशा कंपनीला भरभराटीच्या वर्षाच्या नफ्यावरचा पीई (शेअरचा भाव भागिले प्रति शेअर नफा) लावणं ही नेहमीची चूक.

आणखी घेण्याची घाई नको. विकायचं की नाही ते पत्रातली मुदत आणि आगाऊ रक्कम पाहून ठरवा. आगाऊ मिळाली असेल तर बाजू बरीच भक्कम.

प्रश्न : देखभालीचा करार म्हणजे हमखास उत्पन्न ना?
– फतेहगंज, वडोदरा

उत्तर : बऱ्यापैकी, पण ते वॉरंटी संपल्यावर सुरू होतं. वॉरंटीतली दुरुस्ती कंपनीच्या खिशातून. त्यासाठी ताळेबंदात तरतूद किती केलीय, ते बघा.