वचन पाठवू नकोस, तू जा

प्रिय लेकी,

प्रभू येशूच्या नावाने तुला, जावईबापूंना आणि छोटीला सप्रेम सलाम.

तुझं पत्र मिळालं. पहिल्यांदा वाचताना वाटलं की तू दोन वेगळी गाऱ्हाणी लिहिली आहेस. एक, मैत्रीण मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, यायची बंद झाली. दुसरं, घरातली संध्याकाळची प्रार्थना हल्ली रुसव्याफुगव्यावर संपते. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मात्र दोन्हीकडचं दुखणं एकच वाटलं. शब्द भरपूर झालेत गं, आणि जवळ बसणं कमी.

आधी मैत्रिणीचं बघू.

तिच्या भावासाठी साखळी प्रार्थना झाली, उपास झाले, तुम्ही सगळ्यांनी रात्री जागवल्या, आणि तरी तो गेला. तेव्हापासून ती उपासनेला येत नाही. युवक संघाच्या ग्रुपवर तुम्ही रोज सकाळी आळीपाळीने तिच्यासाठी शास्त्रातलं एकेक वचन टाकता. ती वाचते आणि गप्प राहते. यावरून तुम्ही ठरवलंत की ती विश्वासात मागे पडली. मला तसं वाटत नाही. तुझं चार पानी पत्र मी मुद्दाम हे शोधत वाचलं की तुमच्यापैकी तिच्या घरी गेलं कोण? कुणाचंच नाव सापडलं नाही.

प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्रातलं 8:28 तिला तिघींनी पाठवलं म्हणतेस. देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सगळं मिळून कल्याणाचं होतं, हे मी मानते. पण तेच पत्र चार अध्याय पुढे वाच. रडणाऱ्यांबरोबर रडा, असं पौलाने त्याच लोकांना सांगितलं आहे. ते वचन कुणी कुणाला पाठवत नाही, कारण ते पाठवून भागत नाही. पायात चपला घालून घराबाहेर पडावं लागतं.

शास्त्रातल्या त्या सगळं गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांना आपण उगाच सरसकट बदनाम करतो. अलीफज, बिल्दद आणि सोफर आपापल्या ठिकाणाहून ठरवून आले. त्याची दशा बघून मोठ्याने रडले. मग सात दिवस आणि सात रात्री त्याच्यापाशी जमिनीवर बसून राहिले, आणि कुणी अवाक्षर काढलं नाही. आपण सात मिनिटं तरी तसे बसू का, सांग. त्यांचं बिघडलं ते पुढे. ईयोबाने आपल्या जन्मदिवसाला शाप दिला आणि या तिघांना देवाची बाजू मांडायची घाई झाली. एकेकाने भाषणं दिली. शेवटी देवाचा राग भडकला तो त्यांच्यावरच; माझ्याविषयी तुम्ही नीट बोलला नाहीत, असं तो म्हणाला. देवाला वकील लागत नाही, लेकी. तुझी मैत्रीण त्याच्यावर रागावली असेल तर ते त्या दोघांमधलं आहे. तिने तुझ्यासमोर तो राग बोलून दाखवला तर तुझ्यावर तिचा विश्वास आहे असं समज आणि ऐकून घे.

तिथे जाऊन काय बोलू, असं तू विचारलंस. फार काही नको. त्याचं नाव घे. मरण पावलेल्या माणसाचं नाव घ्यायला लोक का घाबरतात कोण जाणे. घरच्यांना तर तेच ऐकायचं असतं. तो कसा हसायचा, रविवारच्या शब्बाथ शाळेच्या नाटकात संवाद कसा विसरला होता, तुझ्याकडे असेल ते बोल. ती रडली तर रडू दे. 'त्याच्या मागे देवाची काहीतरी योजना असेल' हे वाक्य ओठावर येईल, ते गिळ. 'काही लागलं तर सांग' असंही म्हणू नकोस. दुःखात माणसाला काय हवं ते सुचत नाही, आणि सुचलं तरी मागवत नाही. बँकेची, रुग्णालयाची कागदपत्रं राहिली असतील, आईला कुठे न्यायचं असेल. 'मंगळवारी येते, आपण बरोबर जाऊ' असं सांग आणि मंगळवारी जा. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नव्हता. भाकर आणि पाणी ठेवलं, त्याला पुन्हा झोपू दिलं, मग परत उठवून खायला घातलं. देव त्याच्याशी बोलला तो पुष्कळ नंतर, होरेब डोंगरावर.

प्रार्थना करायची का? तिला विचार. 'नको' म्हणाली तर वाईट वाटून घेऊ नकोस, घरी येऊन कर. 'हो' म्हणाली आणि तुला शब्द सापडले नाहीत तर 88वं स्तोत्र वाच. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटाकडे स्तुतीकडे वळतात, हे वळतच नाही. अंधारातच संपतं. सोबती आणि मित्र माझ्यापासून दूर केलेस, असं तो कवी देवाला तोंडावर सांगतो. आणि तरीही ते 150 स्तोत्रांत ठेवलं गेलं, कुणी काढून टाकलं नाही. ज्या दिवशी तिला स्तुती जमणार नाही त्या दिवशीसुद्धा पवित्र शास्त्रात तिच्यासाठी एक पान आहे, एवढं तिला कळलं तरी पुरे.

ती स्वतः विश्वास ठेवू शकत नसेल तर काय, ही तुझी खरी भीती आहे. मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातले ते चौघे आठव. पक्षाघाती माणसाला त्यांनी बाजेसकट उचलून आणलं, गर्दीतून वाट मिळेना म्हणून वर चढून छप्पर उघडलं आणि त्याला खाली सोडलं. त्या माणसाने वाटेत प्रार्थना केली का, त्याला आशा होती का, की 'मला घरीच राहू द्या' म्हणत होता, यातलं मार्क काही सांगत नाही. येशूने त्यांचा विश्वास पाहिला, एवढंच तो लिहितो. काही महिने, कदाचित वर्षभर, तिची बाज तुम्हा मैत्रिणींना उचलावी लागेल. जड आहे, म्हणून तर तिथे चौघे होते. तू एकटीने अंगावर घेऊ नकोस. आपसात वार वाटून घ्या, आणि वाटून घेतलंय हे तिला सांगत बसू नका.

एक गोष्ट जरा कडक लिहिते. ती जे सांगेल ते 'प्रार्थनेचा विषय' म्हणून ग्रुपवर टाकायचं नाही. 'तिच्यासाठी प्रार्थना करा, ती देवावर फार रागावली आहे' हे ऐकायला किती भक्तीचं वाटतं! मंडळीतल्या निम्म्या चहाड्या याच वाटेने फिरतात. तिच्या कानावर गेलं की तुझ्यासाठी ते दार बंद, आणि चूक तिची नसेल.

आता घरातलं. इथे तुला राग येईल, तरी लिहिते.

तुझी प्रार्थना तू जशीच्या तशी लिहून पाठवलीस ते बरं झालं. 'प्रभू, आम्ही घरी आल्यावर फोनमध्ये डोकं घालून बसतो, आम्हाला क्षमा कर. आम्हाला लेकराला वेळ द्यायला शिकव.' या 'आम्ही'त तू किती आहेस? जावईबापू दुधखुळे नाहीत. देवाला सांगायच्या मिषाने आपल्याला ऐकवलं जातंय हे त्यांना कळतं, म्हणून ते आमेन न म्हणता उठतात. लेकी बोले सुने लागे, तसं हे देवाला बोले नवऱ्याला लागे.

हा प्रकार काही आजचा नाही. इंग्लंडातल्या एपवर्थ गावी सॅम्युएल वेस्ली नावाचे पाळक होते. घरच्या प्रार्थनेत ते राजा विल्यमसाठी विनंती करायचे. त्यांची पत्नी सुझॅना त्याला हक्काचा राजा मानत नव्हती, म्हणून ती आमेन म्हणेना. साहेबांच्या हे लक्षात आलं तेव्हा त्यांनी वेगळं राहायची शपथच घातली आणि काही महिने घर सोडलं. 1702 मध्ये विल्यम वारला, पुढे नवराबायकोचा समेट झाला, आणि 1703 च्या जूनमध्ये त्यांना मुलगा झाला. तोच जॉन वेस्ली, ज्याच्यापासून मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाची चळवळ सुरू झाली. पाळकाच्या घरी जर एका आमेनवरून एवढं होऊ शकतं तर तुमचं फारसं बिघडलेलं नाही.

काही दिवस एक नियम करून बघ. प्रार्थनेत तू फक्त 'मी' म्हणायचं. 'प्रभू, मी आज सासूबाईंना तोडून बोलले.' 'मला ऑफिसमध्ये भीती वाटते.' जावईबापू मोठ्याने प्रार्थना करत नाहीत, म्हणून ते कमी विश्वासी, असं कुणी सांगितलं तुला? काही माणसांना चारचौघांत देवाशी बोलायची लाज वाटते, बायकोसमोर तर जास्तच. त्यांना शास्त्रातल्या चार ओळी वाचायला दे. कधी एक वाक्य स्वतःचं बोलले तर त्यावर डोळे पुसत 'किती छान प्रार्थना केलीत' म्हणू नकोस. आमेन म्हण आणि दिवा बंद कर. आणि सगळं मिळून पाच मिनिटांत आटप. लेकरू चुळबुळ करतंय आणि आई सगळ्या जगासाठी मध्यस्थी करतेय, यातून लेकरू फक्त एवढंच शिकतं की देव हे लांबलचक प्रकरण आहे.

छोटीला विश्वास कसा देऊ म्हणालीस. जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात वचनं मुलांच्या मनावर बिंबवायला सांगितली आहेत, ती कधी? घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. यातल्या कशालाही खुर्च्या मांडाव्या लागत नाहीत. तिच्यासमोर तुम्ही भांडता हे मला ठाऊक आहे. मग तिच्यासमोरच एकमेकांची क्षमाही मागा. बहुतेक घरांत भांडण दिवाणखान्यात होतं आणि समेट बंद दाराआड, त्यामुळे पोरांना अर्धीच गोष्ट दिसते. वर सांगितलेल्या त्याच सुझॅनाबाईंनी 1712 मध्ये नवऱ्याला पत्रात कळवलं होतं की रोज संध्याकाळी त्या मुलांपैकी एकाशी, एकट्याशी, बोलत बसतात. जॉनचा वार गुरुवार होता. मोठा झाल्यावर, स्वतः लोकांना शिकवायला लागल्यावरही, त्याने आईकडे ती गुरुवारची थोडी वेळ पुन्हा मागितली होती. उपदेश किती आठवत होते देव जाणे, वार मात्र आठवत होता.

परदेशी गेलेल्या तुझ्या त्या दुसऱ्या मैत्रिणीकडे उठून जाता येणार नाही, हे कबूल. (मीही तुला पत्रच पाठवते आहे असं तू म्हणशील, माझ्या गुडघ्यांना विचार.) लिहायचंच तर कसं, ते याच जॉन वेस्लीकडून शिक. 24 फेब्रुवारी 1791 ला, मृत्यूच्या सहा दिवस आधी, 87 वर्षांच्या या म्हाताऱ्याने खासदार विल्यम विल्बरफोर्सना पत्र लिहिलं. विल्बरफोर्स गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झगडत होते. 'सगळं ठीक होईल' असं वेस्लींनी त्यांना लिहिलं नाही. देवाने याच कामासाठी उभं केलं नसेल तर माणसांच्या आणि सैतानाच्या विरोधाने तुम्ही झिजून जाल, हे स्पष्ट सांगितलं. आणि देव तुमच्या बाजूचा असेल तर तुमच्यापुढे कोण टिकेल, असंही. त्या सकाळी त्यांनी एका आफ्रिकी माणसाचं लिखाण वाचलं होतं. वसाहतींमध्ये गोऱ्या माणसाविरुद्ध काळ्या माणसाच्या शपथेला कायद्यात काडीची किंमत नाही, ही एक गोष्ट त्यांना खुपली होती. तीही त्यांनी लिहिली. म्हणजे समोरच्याचं काम त्यांना तपशिलाने माहीत होतं. दोनच महिन्यांत विल्बरफोर्सचा प्रस्ताव संसदेत आपटला. बंदीचा कायदा व्हायला 1807 उजाडलं. तुझ्या पत्रानेही मैत्रिणीचं काही लगेच बदलणार नाही. तरी तिच्या त्या रात्रपाळीबद्दल विचार, नवऱ्याच्या व्हिसाचं काय झालं ते विचार. सगळ्यांना एकच मजकूर गेलेला तिला ओळखू येतो.

राहता राहिलीस तू. सगळ्यांना धीर देता देता तुझाच धीर सुटत चाललाय, हे तू लिहिलं नाहीस, पण ओळीओळीत दिसतंय. पौलासारखा माणूस तुरुंगातून आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहितो, तेव्हा बघ काय काय मागतो: लवकर ये, हिवाळ्याच्या आत ये, त्रोवस शहरात राहिलेला माझा झगा आण, पुस्तकं आण. आणि मार्काला घेऊन ये. हा तोच मार्क, जो सुवार्तेच्या दौऱ्यात पंफुल्या प्रांताहून अर्ध्यावर परत गेला म्हणून पौलाने त्याला पुढे सोबत घ्यायला नकार दिला होता. त्यावरून त्याचं आपला सोबती बर्णबा याच्याशी इतकं वाजलं की दोघं वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्र बेटावर गेला. त्याने त्या पोराला सांभाळलं म्हणून म्हातारपणी पौलाला तो उपयोगी पडला. पौलाला झगा मागायला कमीपणा वाटला नाही. तुला एक संध्याकाळ मागायला का वाटावा? मंडळीतली एखादी वयाने मोठी, पोटात गोष्ट ठेवणारी बाई बघ. तिला सांग, 'महिन्यातून एकदा मला तासभर द्या.' नवऱ्याची तक्रार करायला जाऊ नकोस. स्वतःचं बोलायला जा. आणि ती तुला एखाद वेळी बोलली, तर ऐकून घे.

पाळकसाहेबांना माझा सलाम सांग. मैत्रिणीच्या घरी ते गेले नसतील तर तुझ्या पद्धतीने, मान राखून, त्यांच्या कानावर घाल.

प्रभूच्या सेवेत,
तुझ्या शब्बाथ शाळेच्या बाई

ता. क. छोटीला सोबत नेऊ का, असं विचारलं होतंस. पहिल्या भेटीला नको. नंतर मैत्रिणीलाच विचार. कुणाला घरात लेकरू असलं की बरं वाटतं, कुणाला ते सोसत नाही, आणि हे आधी कुणालाच सांगता येत नाही.