मे महिन्यात घरी जा

प्रश्न : मी २७ वर्षांची आहे, मूळची महाबळेश्वरची. फिनलंडमध्ये पर्यटन व्यवस्थापनाचे शिक्षण पूर्ण केले आणि गेले दोन हिवाळे लॅपलंडमधल्या सारिसेल्का या गावी पर्यटकांच्या लाकडी कॉटेज साफ करण्याचे काम करते आहे. घरी मात्र 'गेस्ट रिलेशन्स मॅनेजर' आहे असे सांगितले आहे आणि त्याच भरवशावर स्थळे पाहणे सुरू आहे. बाबांचा आठ खोल्यांचा लॉज आहे. ते अजूनही मे महिन्यात स्वतः चादरी बदलतात. इथे एप्रिलअखेर हंगाम संपला की माझ्याबरोबरची सगळी मुले आपापल्या देशांत परततात. मागच्या वर्षी सामायिक स्वयंपाकघरात त्यांच्या अर्धवट तेलाच्या बाटल्या आणि माझी नाव लिहिलेली हळदीची बरणी एवढेच उरले होते. या नोव्हेंबरात नवी मुले आली, तेव्हा त्यांची नावे लक्षात ठेवण्याचीही इच्छा झाली नाही. आता कंपनीने जूनपासून वर्षभराची पर्यवेक्षकाची जागा देऊ केली आहे. स्वीकारू की परत येऊ? इथे गाव असे काही नाहीच, असे वाटते. रात्री रडू येते.

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात अंधार, थंडी आणि एकटेपणा यांनीच मन भरून गेले. दुसऱ्या वाचनात मात्र वडिलांच्या चादरींचे ते एक वाक्य मनात रुतून बसले. तुमच्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे त्या वाक्यातच आहे, पण तिथे येण्याआधी तुमच्या रडण्याविषयी बोलायला हवे.

सारिसेल्का उत्तर ध्रुववृत्ताच्याही सुमारे अडीचशे किलोमीटर उत्तरेला आहे. तिथे डिसेंबरच्या सुरुवातीपासून साधारण पाच आठवडे सूर्य क्षितिजावर येत नाही. त्या काळाला तिथले लोक 'कामोस' म्हणतात. त्या दिवसांत झोप विस्कटणे आणि मन जड होणे स्वाभाविक आहे, आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या व सकाळी प्रखर प्रकाशाचा दिवा हे उपाय तिथे जन्मलेली माणसेही करतात. परंतु तुम्ही पत्र लिहिले आहे मार्चमध्ये, म्हणजे सूर्य परत येऊन दोन महिने होऊन गेल्यावर आणि दिवस रात्रीइतका मोठा झाल्यावर. तेव्हा या खिन्नतेचे खापर एकट्या अंधारावर फोडता येणार नाही. फिनलंडमध्ये प्रत्येक मालकाला कामगारांसाठी आरोग्यसेवेची व्यवस्था करावीच लागते. त्या सेवेतल्या परिचारिकेची वेळ याच आठवड्यात घ्या आणि रडू किती दिवसांपासून येते, झोप किती तास लागते, हे तिला स्पष्ट सांगा. हे पहिले काम समजा.

आता त्या रिकाम्या स्वयंपाकघराविषयी. हंगामी कामात पगार, खोली, खोलीतली सोबतीण, कामावर नेणारी गाडी आणि जेवणाच्या टेबलावरची मैत्री हे सारे एकाच कराराने मिळते आणि म्हणून ते सारे एकाच तारखेला संपते. आपल्याकडे नोकरी सुटली तरी शेजार राहतो, किराणावाला राहतो, रविवारी भेटणारी मैत्रीण राहते. तुमच्या तिथल्या आयुष्यात कराराबाहेरची एकही गोष्ट अजून नाही, आणि ज्या मुलांची नावे लक्षात ठेवावीशी वाटली नाहीत, त्यांच्या बाबतीत तुमचे मन स्वतःला पुढच्या एप्रिलपासून वाचवू पाहत होते. हा दुष्टपणा नव्हे. तिथले कायमचे रहिवासीही दर वर्षी नवे चेहरे येताना आणि जाताना पाहतात. दुकानातली बाई तुमच्याशी दोन शब्दांपलीकडे बोलत नसेल, तर तिचीही धडपड हीच असण्याचा संभव आहे. थोडे आठवून पाहा, जावळीतून आणि कोकणातून हंगामापुरती तुमच्या लॉजवर कामाला येणारी मुले तुम्ही लहान असताना असतीलच. त्यांच्यापैकी कितींची नावे तुम्हाला आज सांगता येतील?

गाव असे काही नाहीच, हे तुमचे म्हणणे मला पटत नाही. तुम्ही गाव पाहिलेलेच नाही. ज्यांचे जीवन पर्यटनावर चालते, अशा जागा हंगामात पाहुण्यांच्या असतात. त्या कोणाच्या आहेत, हे पाहुणे गेल्यावर कळते. महाबळेश्वरच्या मुलीला हे मी सांगायला नको. पावसापूर्वी घरांना गवताच्या झड्या बांधल्या जातात, बाजारपेठ सुस्तावते, आणि मे महिन्यात मान वर करायला फुरसत नसलेली माणसे एकमेकांच्या ओसरीवर बसलेली दिसतात. ते महाबळेश्वर पर्यटकांना कधी भेटत नाही. सारिसेल्कातही तसेच आहे. मे महिन्यात रेनडिअरची पिल्ले जन्मतात आणि उन्हाळ्यात पाळणारी कुटुंबे त्यांच्या कानांवर आपापल्या खुणा कोरतात. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जवळजवळ दोन महिने सूर्य मावळत नाही. जूनच्या सुमारास तीन हजारांहून अधिक बेटांच्या इनारी सरोवरावरचा बर्फ फुटतो, नंतर डास येतात (त्यांच्याविषयी चांगले बोलणारा कोणी अजून भेटलेला नाही), आणि सप्टेंबरमध्ये झुडपांपासून बर्चच्या झाडांपर्यंत सगळे लाल-पिवळे होते, ज्याला ते 'रुस्का' म्हणतात. सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या इनारी गावात सामी या तिथल्या मूळ रहिवाशांची संसद आहे, त्यांचे संग्रहालय आहे, आणि त्या एका नगरपालिकेच्या हद्दीत तीन वेगवेगळ्या सामी भाषा बोलल्या जातात. दोन हिवाळे तुम्ही या मुलखात काढले आणि यातले काहीही तुमच्या पत्रात नाही. दोष तुमचा नाही. शनिवारी सकाळी पाहुणे गेल्यापासून दुपारी नवे येईपर्यंत सात कॉटेज लावणाऱ्या माणसाला सरोवर कुठून दिसणार?

म्हणून जागा स्वीकारा, पण एकदम वर्षाची नको. रुस्का संपेपर्यंतचा, म्हणजे सप्टेंबरअखेरपर्यंतचा करार मागा आणि पुढचे तेव्हा ठरवू असे सांगा. मात्र एक ध्यानात ठेवा की तिथे मुदतीचा करार, त्यात तशी तरतूद नसेल तर, सहसा मध्येच सोडता येत नाही, मालकालाही आणि तुम्हालाही; तेव्हा सही विचारपूर्वक करा. उन्हाळ्यात पाहुणे थोडे असतात, म्हणून आठवड्याला किमान किती तास काम मिळणार, हा आकडा करारात लिहून घ्या. 'गरजेप्रमाणे' या शब्दावर भाडे भरता येत नाही. फिनलंडमध्ये कायद्याने ठरवलेले एकच किमान वेतन नाही, ते त्या त्या क्षेत्राच्या सामूहिक करारातून ठरते. पर्यवेक्षकाची श्रेणी आणि तिचा दर कोणता, हे 'पाम' या सेवाक्षेत्रातल्या कामगार संघटनेकडून जाणून घ्या. रविवारच्या कामाला दुप्पट मोबदला हा कायदाच आहे, तेव्हा आधीच्या पगारपत्रकांवरही एकदा नजर टाका. निवासाच्या परवान्याची मुदत आणि अटी मात्र कंपनीच्या किंवा मैत्रिणीच्या तोंडी आश्वासनावर सोडू नका. शिक्षणानंतर कामाच्या शोधासाठी मिळणारा परवाना जास्तीत जास्त दोन वर्षांचा असतो, आणि तुमचे दोन हिवाळे झाले आहेत. सही करण्यापूर्वी आणि तिकीट काढण्यापूर्वी इमिग्रेशन कार्यालयाकडून लेखी खुलासा घ्या.

शक्य झाल्यास खोली कंपनीच्या वसाहतीबाहेर, इवालो या जवळच्या गावात घ्या. तिथे शाळा आहे, कायम राहणारी कुटुंबे आहेत. रोजचा तीस किलोमीटरचा प्रवास त्रासाचा असला तरी कराराबाहेरचे पहिले दार तिथेच उघडेल. आणि फिनिश शिका. कामापुरते शब्द तुम्हाला येतच असतील. मी म्हणते ती दुकानातल्या बाईशी तिसरा शब्द बोलण्यापुरती.

आता वडील. ही गोष्ट मी टाळणार नाही, कारण तुमच्या मनावरचे सर्वांत जड ओझे मला हेच वाटते. मी स्वतः बावीस वर्षांची असताना मुंबईत साड्यांच्या दुकानात दिवसभर उभी राहून विक्री करत होते आणि घरी बँकेत आहे असे कळवले होते. दीड वर्ष प्रत्येक पत्र लिहिण्यापूर्वी मागच्या पत्रात काय लिहिले होते ते आठवावे लागे. शेवटी आईला दुसऱ्याकडून कळले. ती एवढेच म्हणाली की पाय सुजत होते तर सांगायचे होतेस, तेल पाठवले असते. दीड वर्ष मी कशाला मुकले, हे मला त्या वाक्याने कळले.

तुम्ही तर त्याहून अधिक गमावत आहात. पत्राच्या इथे न छापलेल्या भागात तुम्ही काय लिहिले आहे ते स्वतःच पाहा: शेगडीतली राख गार झाल्याची खात्री करून लोखंडी बादलीत काढणे, सौनाच्या, म्हणजे वाफेच्या स्नानाच्या खोलीतल्या, फळ्या घासणे, कपडे वाळवण्याच्या कपाटात कोणा मुलाचे ओले हातमोजे राहिले असतील तर ते नाव लिहून जपून ठेवणे. या कामातली कसोटी जगात ज्या थोड्या माणसांना समजेल, त्यांत तुमचे वडील आहेत, आणि नेमक्या त्याच माणसाला तुम्ही मॅनेजरची गोष्ट सांगून दूर ठेवले आहे. त्यांना कमीपणा वाटेल अशी भीती तुम्हाला वाटते; पण जो माणूस या वयातही स्वतः पलंग लावतो, त्याला त्या कामाची लाज वाटते असे तुम्ही कशावरून धरले? त्यांना दुःख होईल ते दोन वर्षे फसवले गेल्याचे, आणि ते होऊ द्यावे लागेल. स्थळांविषयी एवढेच, की खोट्या हुद्द्यावर लग्न जुळवणे हा समोरच्या घरावर अन्याय आहे. वडिलांना कळल्याच्या दिवशीच ती बोलणी त्यांनी थांबवावीत, असे तुम्ही स्वतः सांगा.

फोनवर हे बोलू नका. तुमच्याकडे मे महिना हा सर्वांत रिकामा आणि तुमच्या घरी तोच सर्वांत गर्दीचा. परवान्याची खातरजमा झाली की हंगामाअखेर मिळणाऱ्या रजेच्या मोबदल्यातून तिकीट काढा आणि मेचे तीन आठवडे महाबळेश्वरला जा. पाहुणी म्हणून बसू नका. सकाळी खोल्या रिकाम्या झाल्या की वडिलांच्या बरोबरीने चादरीचे दुसरे टोक धरा, कोपरा तुम्ही तिथे जसा दुमडता तसा दुमडा; त्यांची नजर सराईत आहे, हा हात फाइली हाताळणाऱ्या मॅनेजरचा नाही हे त्यांना पहिल्याच पलंगाशी कळेल. त्या वेळी सांगा. सगळे सांगा, कामोसही आणि रात्रीचे रडणेही. ते थोडा वेळ गप्प राहतील, कदाचित दिवसभर बोलणार नाहीत. पण आयुष्यभर महाबळेश्वरच्या दमट हवेशी झगडलेला माणूस संध्याकाळपर्यंत तुम्हाला विचारल्याशिवाय राहणार नाही की, एवढ्या थंडीत तिथे चादरी वाळतात तरी कशा.