मॅडम, पुण्यात घर कुठं बघू?

परीक्षा संपत आल्या, ऊन चढू लागलं की जळगावातल्या माझ्या समुपदेशन केंद्रात एक प्रश्न हमखास येतो. घरातल्या कुणाची बदली झालेली असते, नाहीतर नवी नोकरी लागलेली असते. पुणे, नाशिक, सुरत यांपैकी एक शहर ठरलेलं असतं आणि घरात एकाच गोष्टीवरून धुसफूस चाललेली असते: तिथं राहायचं कुठल्या भागात? शहर कुणालाच नीट माहीत नसतं. जागा चुकली तर मुलांची शाळा, म्हाताऱ्यांचं औषधपाणी, पगाराचं गणित, सगळंच बिघडेल ही भीती. काहीजण थेट विचारतात, "मॅडम, तुम्हीच सांगा, वाकड चांगलं की मोशी?"

भागाचं नाव मी सांगत नाही. पण हा प्रश्न सुटतो कसा, ते अमळनेरच्या एका कुटुंबाच्या अनुभवातून सांगते. त्यांची संमती आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

तो चाळिशीचा. जळगावच्या एमआयडीसीत क्वालिटीच्या खात्यात होता, रोज रेल्वेचा पास काढून अमळनेर-जळगाव करायचा. आता चाकणच्या एका कंपनीत पगार बराच वाढवून मिळाला होता. ती गावातल्याच एका खासगी शाळेत गणित शिकवायची. मुलगी नववीत जाणार, मुलगा चौथीत. सोबत त्याचे वडील, आबा. आई तीन वर्षांपूर्वी गेलेली, त्यामुळे आबांना मागं ठेवायचा प्रश्नच नव्हता.

पहिल्याच भेटीत त्यानं मोबाइलमधले फोटो दाखवायला सुरुवात केली. पुनावळ्यातला एक सॅम्पल फ्लॅट, क्लब हाऊस, पोहायचा तलाव. बिल्डरच्या माणसानं सांगितलं होतं की या महिन्यात बुक केलं तर जुना भाव देतो. त्यासाठी अमळनेरातला आबांच्या नावाचा प्लॉट विकायचा, असं त्याच्या मनात होतं. दुसरा पर्याय मोशीचा, कारण चाकण जवळ आणि त्याच्या मावसभावासह खान्देशातली बरीच माणसं तिकडं राहतात. तिसरा कोथरूडचा, तिची आत्तेबहीण तिथं असते म्हणून.

"हिला काहीच पटत नाही," तो म्हणाला. "पुनावळं म्हटलं तर लांब. मोशी म्हटलं तर नको, सगळे ओळखीचेच. कोथरूडला हीच हो म्हणाली होती, आता म्हणते भाडं परवडणार नाही."

ती गप्प होती. तिनं काढलेल्या खोडी मी वहीत एकाखाली एक लिहून घेतल्या. एका जागी माणसं अनोळखी म्हणून नको, दुसऱ्या जागी ओळखीची म्हणून नको. एक भाग फार नवा, एक फार गजबजलेला. असं दिसलं की मी भागांची चर्चा थांबवते. कुठलीच जागा पसंत पडत नसेल, तर नापसंती बहुतेक वेळा जागेबद्दल नसते.

मी तिला विचारलं, "ताई, पुण्याला जायचं हे तुमच्या घरात कधी ठरलं?"

ती म्हणाली, "मला कळलं तेव्हा ह्यांनी राजीनामा टाकलेला होता."

त्याला हे ऐकून खरंच आश्चर्य वाटलं. पगार वाढतोय, मुलांचं शिक्षण चांगलं होईल, यात विचारायचं काय, असा त्याचा सरळ हिशेब. वाईट हेतू अजिबात नव्हता. पण बारा-तेरा वर्षं शाळेत उभी राहिलेली बाई, जिच्याकडं गावातली पोरं दहावीच्या गणिताला शिकवणी लावायला धडपडतात, तिची नोकरी एका सहीनं संपली होती आणि तिच्याशी त्यावर एक वाक्यही बोललं गेलं नव्हतं. गाव सोडायचं की नाही, हे तिला कुणी विचारलं नाही. राहायचं कुठं, एवढंच विचारलं. मग सगळा नकार तिथं गोळा झाला.

माझ्याकडं येणाऱ्या बऱ्याच घरांत हे असंच असतं, म्हणून आग्रहानं सांगते: भाग निवडायला बसण्याआधी जाण्याबद्दल बोला. काय मिळणार ते बोलता, तसं काय सुटणार तेही बोला. त्या दोघांना मी एक अख्खी भेट फक्त यासाठीच दिली, त्यात एकाही भागाचं नाव काढू दिलं नाही. तो सुरुवातीला सारखा "पण तिथं तुला दुसरी शाळा मिळेल की" म्हणत होता. मी त्याला थांबवलं. मिळेलही, पण आधी जी गेली तिच्याबद्दल ऐकून घ्या. शेवटी तो तिला म्हणाला, "मी तुला विचारायला पाहिजे होतं." तिनं मान हलवली आणि पदरानं डोळे पुसले. जायचं, हे त्या दिवशी दोघांचं मिळून ठरलं.

मग मी धाकटा मुलगा सोडून घरातल्या प्रत्येकाला एक काम दिलं. पुण्यातला एक मंगळवार लिहून आणायचा, उठल्यापासून झोपेपर्यंत. रविवार चालणार नाही, कारण घर बघताना सगळे रविवारच डोळ्यांसमोर आणतात: क्लब हाऊस, मॉल, पाहुणे. भागाचा कस लागतो तो मधल्या वारी. आबा हसले. अमळनेरात मंगळवारी मंगळग्रह मंदिराला बाहेरगावची एवढी गर्दी असते की ते त्या दिवशी तिकडं फिरकतच नाहीत. म्हणाले, "मना मंगळवार घरमाच जास."

पुढच्या वेळी चार कागद आले. त्याचा मंगळवार सकाळी साडेसहाला सुरू होत होता. कंपनीची बस, चाकण, परत यायला आठ. म्हणजे घराच्या भागाशी त्याचा संबंध काय, तर झोपण्यापुरता. मुलीनं शाळा आणि क्लास लिहून खाली एक ओळ टाकली होती: "मी अहिराणी बोलले तर हसतील का?" आबांनी कागद कोराच आणला आणि तोंडी विचारलं, "मी तठे दिनभर काय करसू?" अमळनेरात त्यांचा दिवस भरलेला होता. पहाटे हरिपाठ, बोरी नदीच्या बाजूनं फेरी, दहाला टपरीवर पेपर आणि चार समवयस्क, संध्याकाळी ओट्यावर बैठक.

आणि तिचा कागद. सकाळी साडेपाच ते साडेनऊ ओळीनं भरलेलं होतं: पाणी, डबे, मुलांची आवराआवर, आबांची शुगरची गोळी. साडेनऊच्या पुढं तिनं वेळा लिहिल्या होत्या, दहा, अकरा, बारा, एक. प्रत्येक वेळेपुढं आडवी रेघ. साडेपाचला परत "मुलं घरी."

नवरा तो कागद बराच वेळ बघत राहिला. माझं म्हणणं मला वेगळं सांगावं लागलं नाही. जो माणूस त्या भागात दिवसाचे दहा-बारा तास काढणार आहे, त्याच्या दिवसावरून भाग ठरवायचा. बहुतेक घरांत उलट होतं. जो सकाळी बाहेर पडून रात्री परततो, तोच नकाशा उघडून बसतो, आणि ऑफिसचं अंतर आणि फ्लॅटचा चौरस फूट या दोनच गोष्टी मोजतो. अंतर मोजायलाच हवं. कोथरूडहून चाकण पस्तीस-चाळीस किलोमीटर पडतं आणि पुणे-नाशिक रस्त्यावर मोशी ते चाकण वाहतूक कशी तुंबते ते तिकडं कामाला जाणारा कुणीही सांगेल. कोथरूड त्या कागदांवरूनच बाद झालं. पण अंतर ही अट आहे, निवड त्यानंतर सुरू होते.

आता चौघांच्या मंगळवारांना काय लागणार, ते आम्ही शोधलं. तिला चालत किंवा एका बसमध्ये गाठता येतील अशा शाळा, मराठी आणि सेमी-इंग्रजी माध्यमाच्या, म्हणजे नोकरीचा अर्ज करता येईल. आणि नोकरी लागेपर्यंत शिकवण्या घेता येतील अशी राज्य मंडळात शिकणारी मुलं आसपास. पुनावळं, वाकड, ताथवडे या नव्या भागांत सीबीएसईच्या शाळांचा भर आहे. निगडी, चिंचवड, आकुर्डी ही जुनी वस्ती, तिथं राज्य मंडळाच्या शाळा भरपूर. मुलीलाही तेच सोयीचं, कारण नववीत मंडळ बदललं तर पुस्तकं, पेपरची पद्धत सगळं एकदम बदलतं आणि दहावी समोर असते. आबांना तळमजला किंवा भरवशाची लिफ्ट, रस्ता न ओलांडता फिरता येईल अशी बाग, आणि बोलायला माणसं.

गावाकडचा रस्ताही बघायला सांगितला. लोक हे विसरतात. आखाजी, कानबाई या आमच्या खान्देशी सणांना गावी जायचंच असतं आणि म्हातारं माणूस आजारी पडलं तर रात्रीतून निघावं लागतं. धुळ्याहून नाशिकमार्गे येणाऱ्या गाड्या चाकण, मोशी, भोसरीवरून पुण्यात शिरतात; जळगावहून छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर करत येणाऱ्या वाघोलीकडून. अमळनेरच्या माणसानं हडपसरला घर घेतलं तर शहर आडवं कापण्यातच पहाट होते.

मोशीबद्दल तिचा आक्षेप मी हसण्यावारी नेला नाही. नात्यातली माणसं शेजारी असली की अडीअडचणीला धावून येतात आणि सुनेवर लक्षही ठेवतात, दोन्ही खरं. तिला थोडी मोकळी हवा हवी होती. हाकेच्या अंतरावर नकोत, पण रिक्षाच्या अंतरावर असावीत, असं ती म्हणाली, आणि आबांनाही ते पटलं.

मग दोघांनी मेच्या उन्हात, मधल्या वारी, पुण्याला एक फेरी मारली. मी सांगितलं होतं की दलालाबरोबर फिरून झाल्यावर त्याला निरोप द्या आणि संध्याकाळी सहाला त्या गल्लीत परत जा. इस्त्रीवाल्याशी, किराणा दुकानदाराशी, सोसायटीच्या वॉचमनशी बोला. टँकर येतो का, उन्हाळ्यात दिवसाला किती येतात, त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये की वेगळे, हे फ्लॅट दाखवणारा सांगत नाही, वॉचमन सांगतो. पिंपरी-चिंचवडला पाणी मुख्यतः पवना धरणाचं, आणि 2019 पासून ते दिवसाआड येतं. हे ऐकून ती म्हणाली, "आमच्याकडं रोज येतं कधी? त्याची सवय आहे." टँकरच्या खर्चाची मात्र सवय नव्हती आणि नव्या भागातल्या एका सोसायटीच्या फलकावर त्या महिन्याचा टँकरचा आकडा वाचून तो स्वतःच मागं सरला.

पुनावळ्याच्या बुकिंगचं मी स्पष्ट बोलले. अनोळखी शहरात पहिलं घर भाड्याचं असावं, किमान एक शालेय वर्ष. भागाची ओळख पावसाळ्यात, परीक्षेच्या दिवसांत, दुखण्याखुपण्यात होते. तोपर्यंत प्लॉट विकून टाकला तर परतीची वाट आपणच बंद करतो. आणि "या महिन्यातच" म्हणणाऱ्यापुढं कायदा माहीत असावा: रेरा म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, त्यानुसार नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला की ताबा द्यायची कबूल केलेली तारीख दिसते. त्यानं ती बघितली. सॅम्पल फ्लॅटमध्ये सांगितलेल्या तारखेपेक्षा बरीच पुढची होती. भाड्याच्या घराचाही लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवूनच घ्यायचा, 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात ते बंधनकारक आहे आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची.

त्यांनी शेवटी चिंचवडच्या शाहूनगर-संभाजीनगर बाजूला, एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर घर भाड्यानं घेतलं. क्लब हाऊस नाही, पार्किंग अपुरं, स्वयंपाकघर अमळनेरच्या निम्मं. त्याचा प्रवास मोशीहून झाला असता त्यापेक्षा लांब पडतो. तो त्यानं स्वतःहून पत्करला. तळवड्याच्या रस्त्यानं कंपनीची बस जाते. मावसभाऊ रिक्षाच्या अंतरावर आहे. आबांना आणखी एक गोष्ट मिळाली, जी आमच्या कुणाच्याच यादीत नव्हती: आळंदी जवळ. मुक्ताईनगरच्या वाऱ्या केलेला माणूस, आता एकादशीला मुक्ताईच्या थोरल्या भावाकडं जातो.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिले दोन महिने मुलगी शाळेतून आली की दार लावून बसायची. तिच्याशी मी फोनवर बोलत होते. वर्गातली एक मुलगी खान्देशातल्याच साक्रीची निघाली, तेव्हापासून जरा सैल झाली आहे. आईला शाळेची नोकरी अजून मिळालेली नाही. दोन ठिकाणी अर्ज गेले आहेत. संध्याकाळी सहाजण गणिताच्या शिकवणीला येतात, त्यामुळे तिच्या मंगळवारचा पाचनंतरचा भाग भरला आहे. सकाळचा रिकामाच आहे आणि ते ती नवऱ्याला बोलून दाखवते, हे मला महत्त्वाचं वाटतं.

प्लॉट विकलेला नाही. फ्लॅटचा विषय मुलीची दहावी झाल्यावर काढायचं दोघांनी ठरवलं आहे.