खडकातला शिंपला नवा आहे, हे ओळखायचे कसे?

प्रश्न : प्राचीन प्रवाळभित्तींच्या खडकांत ब्रॅकिओपॉडची नवी प्रजाती सापडल्याचे अधूनमधून वाचनात येते. मला तर हे सगळे शिंपले एकसारखेच दिसतात. मग एखादी प्रजाती नवी आहे, हे कशावरून ठरवतात?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ब्रॅकिओपॉड, म्हणजे दोन झडपांचे (दोन भागांचे) कवच असलेले समुद्री प्राणी, शिंपल्यांसारखे दिसत असले, तरी त्यांचा वंश वेगळा आहे. शिंपल्याच्या दोन झडपा बहुधा एकमेकींची प्रतिबिंबे असतात. ब्रॅकिओपॉडच्या झडपा मात्र लहानमोठ्या असून प्रत्येक झडपेची डावी आणि उजवी बाजू सारखी असते.

बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन प्रजाती आतून अगदी निराळ्या असू शकतात, आणि खरी अडचण तिथेच आहे, कारण कवचाची आतली बाजू सहसा दगडाने भरलेली असते. पश्चिम टेक्सासमधील ग्लास माउंटन्स या डोंगरांतले पर्मियन काळातील (सुमारे 30 ते 25 कोटी वर्षांपूर्वीचे) चुनखडक या बाबतीत अभ्यासकांना वरदानच ठरले. तिथल्या अनेक कवचांतील चुन्याची जागा सिलिकाने, म्हणजे वाळूतल्या, या आम्लात न विरघळणाऱ्या खनिजाने घेतली होती. स्मिथसोनियन संस्थेचे जी. आर्थर कूपर आणि त्यांचे सहकारी यांनी या खडकाचे मोठमोठे ठोकळे हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवले. चुना विरघळून गेला आणि तळाशी अखंड कवचे उरली. त्यांवरचे बारीक, नाजूक काटेसुद्धा शाबूत होते! त्यांतील काहींची एक झडप शिंगासारखी निमुळती होऊन खाली चिकटलेली, तर दुसरी तिच्यावर झाकणासारखी बसलेली असे. कूपर आणि रिचर्ड ग्रँट यांनी 1972 ते 1977 या काळात या ब्रॅकिओपॉडांचे सहा भागांत वर्णन प्रसिद्ध केले.

आता मूळ मुद्दा. बिजागरीचे दात, स्नायू चिकटल्याच्या खुणा आणि अन्न गाळणाऱ्या अवयवाचा आधार यांची ज्ञात प्रजातींशी तुलना करतात. पण माझ्या मते सर्वांत कसोटीचे काम त्यानंतरचे आहे : हाती आलेला वेगळेपणा वयामुळे, दाटीत वाढल्यामुळे किंवा खडकाच्या दाबामुळे आलेला नाही ना, हे पाहणे. त्यासाठी एकाच थरातले, पिल्लापासून पूर्ण वाढ झालेल्यापर्यंतचे पुष्कळ नमुने लागतात. एकाच मोडक्या तुकड्यावर नाव ठेवण्याची घाई झाली, की पुढच्या अभ्यासकांना ते नाव रद्द करत बसावे लागते.

खात्री पटल्यावर एक नमुना ‘होलोटाइप’, म्हणजे त्या प्रजातीचा प्रमाण नमुना, म्हणून निवडतात, वर्णनासह नाव प्रसिद्ध करतात आणि तो नमुना संग्रहालयात क्रमांक देऊन ठेवतात, म्हणजे शंका आलेल्या कोणालाही तो पुन्हा तपासता येतो. महाराष्ट्राच्या बेसाल्टमध्ये ब्रॅकिओपॉड मिळत नाहीत. कच्छच्या ज्युरासिक खडकांत मात्र ते आढळतात. तिकडे कधी जाणे झाले आणि एखादा नजरेस पडला, तर त्याला हात लावण्याआधी तो नेमक्या कोणत्या थरात आहे याची नोंद करून छायाचित्र घ्यावे.