गुडबेरीनं दुष्काळ खाऊन टाकला!

प्रश्न : मी डंजन्स अँड ड्रॅगन्सचा नवीन डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, आहे, पहिल्यांदाच स्वतःचं जग बनवलंय. सगळीकडे वाळवंट, पाऊस बंद, पाण्यावरून टोळ्यांच्या मारामाऱ्या. नियम पाचव्या एडिशनचे. दुसऱ्याच सेशनला आमच्या ड्रुइडने (निसर्गाची जादू करणारं पात्र) रोज सकाळी गुडबेरी हा स्पेल, म्हणजे पोट भरणाऱ्या बेऱ्यांचा मंत्र, टाकायला सुरुवात केली आणि दुष्काळ खलास! मी स्पेल बॅन केला तर तो प्लेयर रुसून बसला, बाकीचे म्हणतायत डीएम चीटिंग करतो. माझं काय चुकलं?

उत्तर : चुकलं एवढंच की जग तुम्ही मन लावून बनवलंत आणि नियम मात्र जे हाताशी होते तेच उचललेत. पाचव्या एडिशनमध्ये उपासमार हा प्रॉब्लेम जवळजवळ पहिल्याच लेव्हलला मिटवून टाकलाय. हिशोब बघा ना, गुडबेरी हा पहिल्या लेव्हलचा स्पेल, एका वेळी दहा बेऱ्या, एक बेरी खाल्ली की एका माणसाची दिवसाची पोटाची सोय झाली, म्हणजे चार जणांची पार्टी खाऊन सहा वर उरतात आणि तुमच्या त्या भुकेल्या टोळ्यांना वाटताही येतात. पाणी? क्लेरिककडे (देवाच्या कृपेने मंत्र टाकणारं पात्र) पहिल्याच लेव्हलला दहा गॅलन पाणी काढायचा स्पेल आहे. पुढे तो पाचव्या लेव्हलला पोचला की १५ माणसांचं दिवसभराचं अन्नपाणी एका स्पेलमध्ये. अशा जगात दुष्काळ पडेल कसा?

हसत नाहीये हां तुम्हाला. मी स्वतः एकदा बर्फाळ प्रदेशातल्या कॅम्पेनसाठी (अनेक सेशन चालणारी एक मोठी गोष्ट) अर्धी रात्र जागून शिधा, सरपण, हिमबाधा असा भला मोठा तक्ता बनवला होता, आणि प्लेयर्सनी रोज रात्री टायनी हट हा उबदार निवाऱ्याचा स्पेल टाकून आत उबेत ताणून दिली. तो तक्ता अजून माझ्याकडे आहे, कोरा करकरीत.

१९९१ साली डार्क सन नावाची सेटिंग, म्हणजे खेळासाठी छापलेलं तयार जग, आली, तिच्यातही वाळवंटच होतं. पण तिथे फक्त वर्णनात वाळू ओतून भागवलं नाही. मंत्र टाकला की आजूबाजूच्या झाडाझुडपांतला जीव शोषला जाऊ शकतो, म्हणून जादूगार म्हटलं की लोक दगड उचलतात. धातू इतका दुर्मिळ की हत्यारं हाडाची, लाकडाची, दगडाची आणि नाणी चक्क भाजलेल्या मातीची. कॅरेक्टर पण पहिल्या नाही, तिसऱ्या लेव्हलपासून सुरू, कारण तिथे पहिल्या लेव्हलचा माणूस टिकणारच नाही. जगाचं जे दुखणं होतं ते नियमात उतरवलं.

तेव्हा बॅन उठवा, स्पेल महाग करा. २०१४ च्या पुस्तकात गुडबेरीला मिसलटोची डहाळी लागते, म्हणजे एक प्रकारचं बांडगूळच. ती खर्च होत नाही आणि ड्रुइडकडे फोकस (मंत्र टाकायची खास वस्तू) असला तर लागतही नाही, म्हणून कोणी तिकडे बघत नाही. तुम्ही हाऊस रूल, म्हणजे आपल्या टेबलापुरता नियम, करा की डहाळी लागणारच आणि स्पेल टाकला की ती सुकून जाणार. आता बांडगूळ हवेत वाढत नाही, त्याला झाड लागतं, आणि तुमच्या वाळवंटात झाडं किती आहेत? समजा चार दिवसांच्या अंतरावर एकच आहे, आणि ते एका टोळीचं दैवत आहे. झालं, तुमचं पुढचं सेशन तयार! क्लेरिकच्या पाण्यालाही असंच काहीतरी लावा. फक्त हे ड्रुइडवाल्या प्लेयरशी आधी बोला, त्याला स्पेल बदलायचा असेल तर बदलू द्या. खरं तर ही बोलणी सेशन झीरोला, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधीच्या बैठकीला, व्हायला हवी होती. भर खेळात नियम बदलला की कोणीही चिडणारच.

प्रश्न : माझा बार्बेरियन (रांगडा लढवय्या), ताकद प्लस चार. दार फोडायला गेलो, फेल. मागून आमचा काडीपैलवान विझार्ड आला, ताकद मायनस एक, त्याने एका लाथेत फोडलं. सगळे हसले. वीस बाजूंच्या फाशाऐवजी तीन सहाचे फासे वापरावेत का?

उत्तर : तुमचं दुःख आकड्यात मांडतो. दाराचा डीसी, म्हणजे फासा आणि ताकद मिळून गाठायचा आकडा, १५ धरू. तुम्हाला फाशावर ११ किंवा वर हवेत, म्हणजे ५० टक्के. विझार्डला १६ किंवा वर, २५ टक्के. तुम्ही फेल आणि तो पास, हा योग साडेबारा टक्के, आठातून एकदा! रोज रोज दारं फोडणाऱ्या पार्टीत हे होणारच. तीन सहाच्या फाशांवर तुमचे ५० टक्के तसेच राहतात, पण विझार्डचे घसरून ४.६ वर येतात, आणि तो लाजिरवाणा योग सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. १९८६ पासून गर्प्स हा गेम तीन फाशांवरच चालतोय, त्यामुळे कल्पना काही अचाट नाही.

तरी मी म्हणेन फासा बदलू नका. पाचव्या एडिशनचे सगळे आकडे एका फाशाच्या सपाट हिशोबावर बसवलेत, तीन फासे घेतले की मधल्या भागात एका प्लसची किंमत वाढते, आणि वीस पडल्यावर टेबलावर जो आरडाओरडा होतो तो जातो (मला विचाराल तर निम्मी मजा त्यातच आहे). त्यापेक्षा डीएमला सांगा, एका दाराला पार्टीचा एकच रोल. विझार्डला मदतच करायची असेल तर त्याने मागून ढकलावं, तुम्हाला अ‍ॅडव्हांटेज मिळेल, दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा, की तुमचे ५० चे ७५ टक्के झाले. आणि आत कोणी वाट बघत नसेल, घाई नसेल, तर रोल मागायचाच कशाला? फुटलं दार, पुढे चला.

प्रश्न : तयार सेटिंग घ्यावी की स्वतःची बनवावी?

उत्तर : टेबलावर कोणी फर्गॉटन रेल्म्सची पारायणं केलेला असेल तर स्वतःची. ती सेटिंग १९८७ पासून छापली जातेय, तुम्ही काहीही बोललात तरी तो चूक काढणार. नाहीतर तयार घ्या, आणि त्यातलं एक गाव अन् तीन दिवसांच्या वाटेवरचा मुलूख एवढंच वाचा.

प्रश्न : माझ्या कॅम्पेनची सुरुवातच राजाच्या खुनाने होते. पण प्लेयर विचारतात की राज्यात क्लेरिक असताना राजाला परत उठवत का नाहीत? उत्तर सुचत नाहीये.

उत्तर : प्लेयर हुशार आहेत, जपा त्यांना. मेलेल्याला उठवणाऱ्या रेझ डेड या स्पेलला ५०० सोन्याच्या नाण्यांचा हिरा लागतो, मरून दहा दिवसांच्या वर झालेले चालत नाहीत, आत्म्याची परत यायची इच्छा लागते, आणि धडाला डोकं नसेल तर स्पेल सरळ फेल. खुनी कोणी का असेना, एवढं तर त्यालाही ठाऊक असणार. म्हणजे राजाचं डोकं गायब आहे आणि राजधानीतल्या एकाही जवाहिऱ्याकडे गेल्या महिन्यापासून मोठा हिरा शिल्लक नाही. कोणी विकत घेतले ते शोधायला सांगा त्यांना.