सोलापूरहून आईवडिलांसह 7 दिवसांत पँगाँग सरोवर जमेल का?

जमेल, पण 9 दिवस धरा. सोलापूर समुद्रसपाटीपासून जेमतेम 450 मीटर, लेह 3,500 आणि पँगाँग सुमारे 4,250. सगळा आराखडा या आकड्यांवरच बेतायचा.

पुण्याहून दिल्ली, तिथे मुक्काम, मग सकाळचं लेह विमान. दुपारनंतर वारा वाढतो, म्हणून शेवटचं विमान पकडायचा बेत नको. शरीराला विरळ हवेची सवय व्हावी म्हणून लेहमध्ये पहिल्या 3 रात्री सक्तीच्या. पहिला दिवस निव्वळ झोपायचं. शांतिस्तूपाच्या पायऱ्यासुद्धा नकोत. तिसऱ्या दिवशी आळचीला जाऊन या, ते लेहपेक्षा खाली आहे.

चौथ्या दिवशी पहाटे चांग ला खिंडीमार्गे पँगाँग, एका बाजूने 5-6 तास. ही खिंड 5,300 मीटरच्या वर; बॅगेतलं शेंगाचटणीचं पाकीट फुग्यासारखं टम्म होतं, तेव्हा हवेचा दाब किती उतरलाय ते कळतं. तिथे 15 मिनिटांत गाडीत परत. सरोवराकाठी मुक्काम टेंटवाले आग्रहाने गळ्यात मारतात, पण साठीपुढच्यांना रात्रीच तिथे त्रास होऊ शकतो. मी तरी त्याच दिवशी लेहला परत यायचं ठरवेन, दिवस लांबला तरी.

डोकेदुखीसोबत उलटी किंवा तोल जात असेल, तर वाट न पाहता खाली उतरायचं. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांना विचारूनच; सल्फाची ॲलर्जी आधी सांगा.

लडाखमध्ये बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, एक पोस्टपेड हवंच. आणि सोलापुरी चादरीवर भागणार नाही; जुलैतही जाड जाकीट लागतं.